सागाची महर्गता व जुन्या वाड्यांचीं लाकडें

प्रस्तुत लेखाचें निमित्त एक मोडलेला वाडा आहे. कांहीं वर्षांमागें पुणें जिल्ह्यांतील एका गांवीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घराण्याचा दुमजली वाडा पाडण्याचें ठरलें. भाऊबंदांची वाटणी न जमल्यामुळें जागा इमारती बांधणारास दिली होती व लाकूड निराळें काढून वखारवाल्यास विकलें होतें. घरांत जुने कागद आहेत असें समजल्यावरून मी तेथें गेलों, तों माळ्यावरील दोन पेटारे अंगणांत उपडे झालेले दिसले. पेटारे सागाचे होते, म्हणून वखारीच्या माणसांनीं ते मोजणींत धरले होते आणि आंतील रुमाल सोडून बाहेर टाकले होते. आदल्या रात्रीं पाऊस पडून गेला होता. जे कागद हातीं लागले ते घेऊन आलों. बाकीचे चिखलांत गेले. संशोधकांपैकीं अनेकांच्या वाट्यास असे प्रसंग आले असतील. दफ्तरें कसर खाते, वाळवी खाते, आग खाते, हें आपण नित्य लिहितों. लाकडाचा भावही तीं खातो, हें मात्र फारसें कोणीं लिहिलेलें नाहीं.

त्याच दिवशीं दुसरी एक गोष्ट नजरेस आली. माजघरावरील एक तुळई खालीं उतरविली होती. जेथें कडी बसण्याचें कांहींच कारण नव्हतें अशा ठिकाणीं तिच्या दोन्ही बाजूंस चौकोनी खोबणी कोरलेल्या होत्या, आणि त्या चुना भरून बुजविल्या होत्या. एका टोकास कोरलेल्या कमळाची अर्धी पाकळी करवतीखालीं गेली होती. लाकडें उतरविणाऱ्या वृद्ध सुतारास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, ही तुळई ह्या घरची नव्हे. दुसऱ्या घरीं एक जन्म काढून ही इथें आली, आतां तिसऱ्या घरीं जाईल." घराण्यांतील समजुतीप्रमाणें तो वाडा सवाई माधवरावांच्या काळचा. तेव्हां त्याहीपूर्वीं कोणाचें तरी घर मोडून ही तुळई निघालेली असली पाहिजे. सह्याद्रीचीं रानें जवळ असतांना एका खात्यापित्या घराण्यानें दुसऱ्याच्या घरचें लाकूड आपल्या माजघरावर कां चढवावें, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत राहिला.

हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेंही लहान नाहीं. एका वास्तूचें द्रव्य काढून दुसऱ्या वास्तूंत योजूं नये असा निषेध वास्तुग्रंथांत आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांस योग्य अशा वृक्षांत शाक म्हणजे साग गणला आहे, आणि वीज, वारा, पाण्याचा लोंढा किंवा हत्ती यांनीं पाडलेलें, पक्ष्यांच्या घरट्यांचें, मधाच्या पोळ्याचें, चैत्याजवळील व स्मशानांतील झाड वर्ज्य केलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कुप्याध्यक्षाच्या प्रकरणीं सारदारूंची जी गणना आहे, तिच्या आरंभींच शाक आहे. आपल्या 'साग' शब्दाचें मूळ हेंच. ह्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढें रान होतें व रानांत निवडीस वाव होता. शंभर झाडांतून निर्दोष झाड घ्यावें असें तोच सांगूं शकतो, ज्याच्यासमोर शंभर झाडें उभीं आहेत. माझ्या वृद्ध सुतारानें दाखविलेली तुळई ही, वाव संपल्यावर शास्त्र कसें वागतें, याची साक्ष आहे. निषेध पाठ असलेल्या लोकांच्याच घरांत ती सांपडते.

लाकडाच्या टंचाईची जाणीव ज्या मराठी ग्रंथांत अगदीं स्पष्ट दिसते तो ग्रंथ आज्ञापत्र होय. रामचंद्रपंत अमात्यांचें हें लिखाण इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें. शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधावयास घेतलीं, त्यास तोंवर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. आरमाराच्या प्रकरणांत अमात्यांचा आशय असा कीं, राज्यांतील अरण्यांत जे सागादि वृक्ष असतील ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे व कमी पडेल तें लाकूड परमुलुखांतून विकत आणावें. आंबा व फणस यांचें लाकूडही आरमाराच्या उपयोगाचें. परंतु तीं झाडें रयतेनें वर्षानुवर्षें जतन केलेलीं असल्यामुळें त्यांस हात लावूं नये. एखादें अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास मोल देऊन, त्याची खुशी करून मग तोडावें.

ह्या भागाकडे प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून पाहण्याची चाल आहे व ती योग्यच आहे. माझ्या मतें तो भावाचाही पुरावा आहे. ज्या राज्याच्या पाठीशीं सह्याद्रीचीं अरण्यें होतीं, त्याच्या अमात्यास अठराव्या शतकाच्या आरंभीं परमुलुखांतून लाकूड खरेदी करण्याची तरतूद लिहून ठेवावी लागते, आणि सरकारी माणसें रयतेच्या आंब्या-फणसावर कुऱ्हाड घालतील हें भय त्यास वाटतें, यावरून समुद्रकांठच्या प्रदेशांत चांगला साग तेव्हांच हाताशीं राहिला नव्हता असें अनुमान निघतें.

घांटावरची स्थिति निराळी होती. शनिवारवाड्याचा पाया ता. १० जानेवारी १७३० रोजीं घातला व ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीकडून आणविला. पहिल्या बांधणीस १६,११० रुपये लागले असें सांगतात. हा आंकडा ऐकून आजचा वाचक हंसतो. परंतु ज्याच्या मुलुखांतलें रान तोच घराचा धनी असल्यावर लाकडाचें खरें मोल हिशेबांत कितपत उतरतें, ही शंका मनांत ठेवूनच असे आंकडे वाचावे. जुन्नरच्या सागाचा भाव पेशव्यांस एक व पुण्यांतील एखाद्या भिक्षुकास दुसरा, असें असणें अगदीं स्वाभाविक आहे.

सागाचा भाव हा बहुतांशीं वाहतुकीचा भाव असतो, हेंही येथें सांगितलें पाहिजे. ओला साग पाण्यांत बुडतो. झाड उभें असतांनाच बुंध्याभोंवतीं साल व रसाळ लाकूड कापून त्यास वाळूं द्यावें लागतें, तेव्हां तो तरंगतो. घांटावरच्या नद्या वर्षांतील बराच काळ ओंडका वाहण्याच्या कामाच्या नाहींत. तेथें बैलगाडी हाच उपाय. कोंकणांत खाडीच्या तोंडापर्यंत लाकूड नेलें कीं पुढें समुद्र आहे. म्हणून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडलेलें झाड घांट चढून पुण्यास येण्याऐवजीं पाण्यावाटें मुंबईस जाणें सोयीचें होतें. आणि मुंबईस गिऱ्हाईक मोठें होतें.

लवजी नसरवानजी वाडिया इ. स. १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले. १७५० मध्यें तेथें सुकी गोदी झाली. या घराण्याच्या हाताखालीं पुढें जीं जहाजें उतरलीं, त्यांत १८१० चें मिंडेन चौऱ्याहत्तर तोफांचें होतें. एवढ्या जहाजास सुमारें दोन हजार ओकवृक्ष लागतात असा इंग्रजांकडील ढोबळ हिशेब होता. साग अधिक टिकाऊ म्हणून थोडा कमी धरला तरी एका जहाजांत किती वाडे बुडाले याची कल्पना यावी. ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ट्रिंकोमाली ही युद्धनौका मुंबईस पाण्यांत सोडली. त्यानंतर चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडाली, मलबारी सागाची ती नौका मात्र इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे.

मलबार १७९२ च्या तहानें कंपनीकडे आलें होतें. फ्रान्साशीं युद्ध जुंपलें असतां इंग्लंडांत ओक मिळेना, तेव्हां कंपनीची दृष्टि त्या सागाकडे वळली. १८०६ मध्यें कॅप्टन वॉटसन याची अरण्यरक्षक म्हणून नेमणूक झाली व १८०७ च्या जाहीरनाम्यानें सागावर सरकारी हक्क सांगण्यांत आला. खाजगी जमिनींतील झाडही धन्यास आपल्या मर्जीनें विकतां येईना. अमात्यांच्या आज्ञेशीं हें ताडून पाहावें. तेथें झाडाच्या धन्याची खुशी हा पाया होता, येथें तोच काढून घेतला. जमीनदार व लाकडाचे व्यापारी यांच्या तक्रारी वाढून अखेर सर टॉमस मन्रो याच्या कारकीर्दींत १८२३ मध्यें ही व्यवस्था मोडली. निर्बंध उठल्यावर तोड पुन्हां मोकाट झाली, हें इतिहासास धरून सांगितलें पाहिजे. १८४० नंतर नीलंबूर येथें कलेक्टर कॉनोली याच्या हुकमानें चातु मेनन यांनीं सागाची लागवड केली. परंतु लावलेला साग तुळईजोगा होण्यास दोन पिढ्या जातात.

मुंबई इलाख्यांत दापोडीच्या सरकारी बागेचे डॉ. गिब्सन यांस १८४७ मध्यें अरण्यरक्षक नेमलें. त्यांचा कारभार नीट बसतो न बसतो तोंच आगगाडी आली. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें हा २१ मैलांचा रस्ता सुरू झाला. १८६३ मध्यें बोरघांट व १८६५ मध्यें थळघांट ओलांडला. रुळांखालीं मैलास पावणेदोन ते दोन हजार आडवीं लाकडें लागतात व एका लाकडास सुमारें तीन घनफूट. म्हणजे मैलास पांच ते सहा हजार घनफूट झालें. बारा फूट लांब व फूटभर चौरस तुळई बारा घनफुटांची धरली, तर एक मैल रस्त्याखालीं साडेचारशें ते पांचशें तुळयांचें लाकूड गेलें. सर्व लाकूड सागाचें नसे. कांहीं विलायतेकडून क्रिओसोट पाजलेलें येई, कांहीं इतर जंगली असे. परंतु जंगली लाकूड थोड्याच वर्षांत कुजे आणि तें बदलण्याचें काम पुन्हां उभें राही.

त्यांतच १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें व कापसाचा पैसा मुंबईस लोटला. १८६४ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. एवढीं माणसें राहावयाचीं म्हणजे घरें पाहिजेत, आणि तेव्हांचें घर म्हणजे लांकडी सांगाड्याचें घर. जुलै १८६५ मध्यें तो डोलारा कोसळला. पण भाव एकदां चढला कीं पूर्वपदावर येत नाहीं, हा घर बांधणाऱ्याचा अनुभव त्याही काळीं खोटा ठरला नाहीं. वस्तुतः वाडा बांधणारा गृहस्थ हा सागाचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या मागणीनें रानें ओस पडलीं नव्हतीं. आरमार, आगगाडी व कापसाचें शहर असे तीन नवे गिऱ्हाईक दुरून आले, आणि भाव त्यांनीं ठरविला. गृहस्थास तो नुसता ऐकून घ्यावा लागला.

सुतारांवर ह्याचा परिणाम सारखा झाला नाहीं. गोदीच्या सुतारास रोकड रोजमुरा मिळे. लाकूड महाग झालें तरी तें त्याच्या पदरचें नव्हे. गांवच्या सुताराची गोष्ट निराळी. त्यास बलुतें धान्यांत मिळे व तें नांगर, कुळव, पाभर यांच्या घडणीचें. लाकूड कुणब्यानें आणावयाचें, घडण त्यानें करावयाची. घरबांधणीचें काम बलुत्याबाहेरचें. त्याच्या हातीं रोकड येण्याचा तोच मार्ग. साग महागला कीं कुणबी घर पुढें ढकलतो, चौकटीऐवजीं पडदी घालतो, दाराऐवजीं ताटी लावतो. अशा वेळीं बलुतें तेवढेंच राहातें आणि रोकड बंद होते. १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनीं तर रानांत जाऊन लाकूड आणण्याचीच वाट अडविली. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगल खात्यावर जी टीका केली आहे ती ह्याच काळची. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ मध्यें मुंबई सरकारास त्यांच्या चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें व १८८७ मध्यें त्याचा अहवाल बाहेर आला. ग्रामसंस्था कां मोडली यावर आपल्याकडे पुष्कळ विवेचन झालें आहे. सुताराच्या बाबतींत तें रानाच्या वाटेपासून सुरू करावें असें मला वाटतें.

देशी साग असा आटल्यावर ब्रह्मदेशचा साग आला. तेनासरीम १८२६ मध्यें इंग्रजांकडे गेलें व मौलमीनच्या लाकडाचा व्यापार वाढला. १८५२ च्या युद्धांत पेगू गेलें आणि १८५६ मध्यें ब्रँडिस हा तेथील अरण्यांवर नेमला गेला. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मंडळी १८६३ मध्यें स्थापन झाली. तिनें तोडलेल्या सागावरील देण्याचा वाद होऊन थिबा राजाच्या दरबारानें १८८५ मध्यें तिला सुमारें २३ लक्ष रुपयांचा दंड केला. इंग्रजांस हें निमित्त पुरेसें झालें. १ जानेवारी १८८६ रोजीं ब्रह्मदेश खालसा झाला व थिबा रत्नागिरीस आला. तेथील त्याचा राजवाडा १९१० मध्यें झाला आणि डिसेंबर १९१६ मध्यें तो तेथेंच वारला. त्याच्या रानांतील तुळया मुंबईच्या चाळींत चढल्या आणि तो स्वतः आमच्या कोंकणांत खिडकींत बसून समुद्र पाहात राहिला. सागाच्या इतिहासांत ह्याहून विलक्षण प्रसंग मला माहीत नाहीं.

आतां वाड्यांकडे वळूं. वाड्याचें माप खण. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण, आणि खणाची रुंदी ठरते ती तुळईच्या व कडीच्या लांबीनें. म्हणून लाकूड आंखूड मिळूं लागलें कीं सोपाही आंखूड होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील घरांत साग दर्शनी सोप्यापुरता, मागील माजघरांत ऐन-किंजळ, आणि पुढें पुढें तुळईच्या जागीं लोखंडी गर्डर व नळ्यांच्या जागीं मंगळूरी कौलें, असा क्रम दिसतो. कोरीव महिरपी गेल्या त्या अभिरुचि बिघडल्यामुळें, असें आपण म्हणतों. महिरप कोरतांना निम्मा साग भुशांत जातो, हेंही म्हटलें पाहिजे. भाव वाढल्यावर प्रथम कोरणाऱ्याचा हात थांबतो, जोडणाऱ्याचा नंतर.

जुन्या तुळईची ओळख त्या वृद्ध सुतारानें मला जशी सांगितली तशी येथें देतों. रिकामी खोबण पाहावी. तिच्यासमोर तेवढ्याच उंचीवर दुसरी खोबण असेल तर तुळई पूर्वीं निराळ्या मापाच्या घरांत होती असें समजावें. टोंकें पाहावीं, नक्षी मध्येंच कापली असेल तर लाकूड आंखूड केलें आहे. धुराची काजळी पाहावी. दिवाणखान्याच्या तुळईवर स्वयंपाकघराची काजळी असूं नये. देशी साग बहुधा गांठाळ, वांकडा, काळसर. ब्रह्मी साग सरळ, लांब व एकरंगी. शेवटची खूण मोठ्या कामाची आहे. पेशवाईतल्या म्हणून दाखविलेल्या वाड्यांत सरळ ब्रह्मी तुळई आढळली, तर तो भाग एकोणिसाव्या शतकांत दुरुस्त झाला असावा.

यांतून संशोधकास एक अडचण उत्पन्न होते. सागाच्या अंगांत वर्षागणिक वर्तुळें पडतात व पाऊस कमी-अधिक झाला तशीं तीं अरुंद-रुंद होतात. त्यांवरून मागील पर्जन्यमानाचा अभ्यास करण्याचें काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं केलेलें आहे. म्हणजे तुळई हीही एक पोथीच, आणि तींत कोणी हात घालून पाठभेद केलेला नाहीं. परंतु वर्तुळें सांगतील तें झाडाचें वय, घराचें नव्हे. दुसऱ्या जन्मींची तुळई घराच्या काळाविषयीं फसवील. तिच्याजवळ त्या घराच्या बांधकामाचा कागद असेल तरच दोहोंचा मेळ बसेल. आणि तोच कागद आपण निरुपयोगी म्हणून टाकतों. मीं स्वतः टाकले आहेत. ऐन उमेदींत एका घरीं सनदा व महजर निवडून घेतांना, तुळया-कड्यांच्या याद्या व गाडीभाड्याचे चिटोरे मीं मालकास परत दिले. ते पुढें बंबांत गेले.

महर्गता अजून संपलेली नाहीं. ब्रह्मदेशानें १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं तेथें लष्करानें सत्ता घेतल्यावर तेथील सरकारी लाकूड-व्यवहारावर पाश्चात्य राष्ट्रांनीं निर्बंध घातले. घाना, एक्वाडोर, पनामा येथील लावलेला साग आपल्या बाजारांत आला, तो कोवळा. अमेरिकेंत मे २०२१ मध्यें घरबांधणीच्या लाकडाचा वायदेभाव हजार बोर्ड-फुटांस १,६०० डॉलरांच्या वर गेला, आणि त्यायोगें एका नव्या घराची किंमत सुमारें ३६,००० डॉलरांनीं वाढली असा अंदाज तेथील घर बांधणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघानें केला. तेथील भाव पुढें उतरले. आपल्याकडे जुन्या सागास जी मागणी आहे ती उतरण्याचें चिन्ह नाहीं, कारण तसा साग आतां रानांत नाहीं. तो वाड्यांत आहे. प्रत्येक पडका वाडा हें वखारवाल्याच्या दृष्टीनें एक उभें रान आहे, आणि तो आपल्याआधीं तेथें पोंचतो. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. घरचा धनीच त्यास बोलावतो, आणि पुष्कळदां त्याची गरज खरी असते.

ज्या संग्राहकांजवळ इमारतखर्चाच्या याद्या, लाकडाच्या खरेदीचे कागद, सुतारांच्या रोजमुऱ्याचे हिशेब किंवा गाडीभाड्याचे चिटोरे असतील, त्यांनीं त्यांतील शक, गांव, तुळईची लांबी व दर एवढा मजकूर उतरून पाठवावा. दराचें नाणें मुळांत असेल तसेंच लिहावें. आजच्या रुपयांत फिरवूं नये. ज्यांच्या परिचयाचा वाडा पाडला जाणार असेल त्यांनीं तुळया उतरण्यापूर्वीं खोबणींचीं मापें घ्यावीं व पेटारे आदल्या दिवशीं रिकामे करून घ्यावे. वखारवाल्याची गाडी पहांटे येते.